‘आधी आपला देश’: हा स्वार्थ की कर्तव्य?

कुंपणावरचा (धागाकर्ता)

राज्यशास्त्र शिकणाऱ्या भाच्याशी परवा वाद झाला. सुरुवात कुठून झाली ते आता आठवत नाही, पण शेवट त्याने असा केला: “मामा, परराष्ट्र धोरणात बरं-वाईट नसतं, फक्त हित असतं.” वर रात्री फोनवर एक चित्र पाठवलं. त्यावर ते नेहमीचं वाक्य: देशाला कायमचे मित्र नसतात, कायमचे शत्रू नसतात, कायमचं असतं ते हित. खाली नाव लॉर्ड पामर्स्टन, एकोणिसाव्या शतकातला ब्रिटिश परराष्ट्रमंत्री.

मला हे पटत नाही. पण का पटत नाही तेही धड सांगता येईना, म्हणून इथे विचारतोय.

गोंधळ असा आहे. एखादा माणूस ‘मी फक्त माझं बघतो’ म्हणाला तर आपण त्याला आपमतलबी म्हणतो. तेच वाक्य परराष्ट्रमंत्री बोलला की टाळ्या पडतात. मधल्या मधे काय बदललं? मंत्री स्वतःसाठी मागत नसतो, कोट्यवधी लोकांसाठी मागत असतो, हे मान्य. पण सीमेपलीकडच्या माणसाला त्याचं काय? त्याचं नुकसान एकाच्या हावेमुळे झालं की कोट्यवधींच्या हितामुळे, नुकसान तेवढंच.

आणि तरीही, स्वतःच्या लोकांना वाऱ्यावर सोडून जगाचं भलं करायला निघालेला मंत्री मलाही नको आहे. मी मत त्यासाठी दिलेलं नाही.

तर रेघ कुठे मारायची? जाणकारांनी लिहावं.

टिंबटिंब

जागा पकडून बसलोय. रोखठोक_वामन अजून आले कसे नाहीत?

रोखठोक_वामन

आलो. भाचा बरोबर आहे, मामा हळवे आहेत. (हलके घ्या.)

दोन माणसांत भांडण झालं तर वर पोलीस आहे, कोर्ट आहे. दोन देशांत झालं तर वर कोण? संयुक्त राष्ट्रं? तिथे पाच जणांच्या हातात नकाराधिकार आहे आणि ते पाचही आपापलं हितच बघतात. जिथे वाचवायला कुणी येणार नाही, तिथे आधी स्वतःचं बघणं हा दुर्गुण कसा?

ग्रीक इतिहासकार थुसिडिडीसने हे चोवीसशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय. इ.स.पू. ४१६ मध्ये अथेन्सचं आरमार मेलोस नावाच्या छोट्या बेटावर गेलं. मेलोसवाले म्हणाले, आम्ही तटस्थ आहोत, आम्ही तुमचं काय बिघडवलंय, न्यायाने वागा. अथेन्सच्या दूतांचं उत्तर होतं की न्यायाची भाषा बरोबरीच्या लोकांत चालते. बाकी ठिकाणी बलवान जमेल ते करतात आणि दुबळे सोसतात. मेलोसने ऐकलं नाही. पुरुष मारले गेले, बायका-मुलं गुलाम म्हणून विकली गेली. नीती मेलोसच्या बाजूने होती. काय उपयोग झाला?

आणखी एक. मला हितवाल्यापेक्षा नीतीवाल्याची भीती जास्त वाटते. हितासाठी लढणारा नफा-तोटा बघतो आणि परवडेनासं झालं की थांबतो. सत्यासाठी लढणाऱ्याला कुठे थांबायचं तेच कळत नाही.

टिंबटिंब

शेवटच्या परिच्छेदाला +१. नाइलाजाने.

अर्धविराम

वामनराव, मेलोस अर्ध्यावर सोडलंत. पुढच्याच वर्षी, इ.स.पू. ४१५ मध्ये, त्याच अथेन्सने ‘जमेल ते करतो’ याच गुर्मीत सिसिलीवर स्वारी केली. दोन वर्षांत तिथे आरमार आणि सैन्य दोन्ही संपलं, आणि ४०४ मध्ये शहर प्रतिस्पर्धी स्पार्टाला शरण गेलं. थुसिडिडीसने हे दोन प्रसंग एकापुढे एक ठेवलेत. मेलोसमुळे अथेन्स बुडालं असं मी म्हणत नाही, इतिहास इतका सोयीचा नसतो. पण ज्याला तुम्ही हित म्हणताय ते अथेन्सला त्या क्षणी तरी ओळखता आलं होतं का, ही शंका रास्त आहे.

आता भाच्याने पाठवलेल्या चित्राकडे येते, कारण हा माझा जुना राग आहे. पामर्स्टनचं ते भाषण १ मार्च १८४८ चं, ब्रिटिश संसदेतलं. मूळ वाक्याचा शेवट साधारण असा आहे की ही हितं शाश्वत आहेत आणि त्यांच्यामागे जाणं हे आपलं कर्तव्य आहे. कर्तव्य! म्हणजे तो नीती बाजूला ठेवून बोलत नाहीये, तो नीतीचंच विधान करतोय. आणि त्याच भाषणात तो असंही म्हणतो की इंग्लंडच्या खास हिताचे प्रश्न सोडले तर त्याचं खरं धोरण न्यायाचा कैवारी असणं हेच आहे. मात्र जगभराचा डॉन किहोटे (कादंबरीतला, भलत्याच लढाया अंगावर घेणारा वीर) होऊ नये, संयमाने आणि शहाणपणाने करावं. हे चित्रांवर कधीच छापत नाहीत.

पण गंमत पुढे आहे. याच पामर्स्टनच्या परराष्ट्रमंत्रिपदाच्या काळात, १८३९ मध्ये, चीनशी अफूचं युद्ध सुरू झालं. चीनचं सरकार स्वतःच्या लोकांना लागलेलं अफूचं व्यसन थांबवू पाहत होतं आणि ब्रिटिश व्यापाऱ्यांच्या पेट्या जप्त करत होतं. ब्रिटनने त्यासाठी तोफा डागल्या. संसदेत तेव्हाच याला विरोध झाला होता. पुढे पंतप्रधान झालेला तरुण ग्लॅडस्टन कडाडून बोलला, आणि एप्रिल १८४० मध्ये सरकारवरचा ठपक्याचा ठराव २६२ विरुद्ध २७१ असा अवघ्या नऊ मतांनी पडला. ‘त्या काळी कुणाला नीतीचं पडलं नव्हतं’ असं म्हणायची सोय नाही.

आणि हाच पामर्स्टन गुलामांच्या व्यापाराचा कट्टर वैरी. ब्रिटिश आरमाराची एक तुकडी १८०८ पासून पुढे काही दशकं पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गुलामांची जहाजं पकडत होती. सुमारे दीड लाख माणसं सोडवली. खलाशी तापाने मरत होते, खर्च अफाट होता. १८५० मध्ये पामर्स्टनने ब्राझीलच्या बंदरांत आरमार घुसवलं आणि ब्राझीलला तो व्यापार बंद करायला लावला. म्हातारपणी मागे वळून पाहताना याच गोष्टीचं समाधान सर्वांत मोठं, असं त्याने लिहिलंय.

एक माणूस, एक खातं, एकच आरमार. एका किनाऱ्यावर गुलाम सोडवतंय, दुसऱ्या किनाऱ्यावर अफू विकायला दार फोडतंय. ‘हित की नीती’ असा प्रश्न विचारला तर या माणसाला कुठल्या खणात टाकायचं?

रोखठोक_वामन

हिताच्याच खणात. ब्रिटनने स्वतःच्या वसाहतींत गुलामगिरी बंद केली, मग ब्राझील आणि क्यूबाची साखर स्वस्त पडू नये म्हणून इतरांचीही बंद करायला निघाले. व्यापारी डोकं होतं ते.

अर्धविराम

मग १८४६ मध्ये ब्रिटिश संसदेने गुलामांनी पिकवलेल्या साखरेवरचं जास्तीचं आयातशुल्क टप्प्याटप्प्याने काढून टाकायचा कायदा का केला? तुमचं गणित खरं असतं तर वाढवलं असतं. साखर स्वस्त हवी म्हणून शुल्क कमी केलं, आणि तरी किनाऱ्यावरची तुकडी तशीच ठेवली. दोन्ही एकाच वेळी.

टिंबटिंब

वामनराव १, अर्धविराम २. वाचनखूण साठवली.

जुनी_शाई

धागाकर्त्यांच्या मूळ प्रश्नाकडे येतो. माझी हयात कोर्टात गेली, त्यामुळे दृष्टान्त तिथलाच सुचतो. अज्ञान (म्हणजे अल्पवयीन) मुलाच्या मालमत्तेवर पालनकर्ता नेमला जातो. या पालनकर्त्याने मुलाच्या पैशातून दानधर्म केला तर कोर्ट त्याला जाब विचारते. दान वाईट म्हणून नव्हे, पैसा त्याचा नाही म्हणून. स्वतःच्या खिशातून उदार होणे हा सद्गुण. दुसऱ्याच्या खिशातून उदार होणे हा गैरव्यवहार. म्हणून मंत्र्याने ‘आधी माझे लोक’ म्हणणे हा आपमतलबीपणा नव्हे, ती त्याच्या पदाची अट आहे. ‘मधे काय बदलले’ या प्रश्नाचे माझे उत्तर एवढेच, की पैशाचा मालक बदलला.

परंतु दृष्टान्त इथे संपत नाही. त्याच पालनकर्त्याने मुलाच्या फायद्यासाठी शेजाऱ्याची जमीन लबाडीने मुलाच्या नावावर करून घेतली, तर ‘मी स्वतःसाठी केले नाही’ हा बचाव कोणतेही कोर्ट ऐकणार नाही. मुलाला स्वतःला जे करण्याचा हक्क नाही, ते त्याच्या वतीने करण्याचा हक्क पालनकर्त्याला कुठून येणार? वरचे अफूचे उदाहरण या दुसऱ्या वर्गातले आहे. ‘आधी’ आणि ‘फक्त’ हे दोन शब्द आपण एकच समजून बोलतो, बहुतेक वाद तिथून उगवतात.

जाता जाता: वामनराव कौटिल्याला आपल्या बाजूचा साक्षीदार म्हणून आणतील, त्याआधीच त्याची उलटतपासणी घेतो. अर्थशास्त्रात एक प्रश्न आहे: बलवान पण अन्यायी राजावर चाल करावी, की दुबळ्या पण न्यायी राजावर? उत्तर आहे, बलवान अन्यायीवर. कारण त्याच्यावर चाल झाली की त्याची प्रजा त्याला साथ देत नाही. दुबळ्या न्यायी राजासाठी मात्र प्रजा शेवटपर्यंत उभी राहते. कौटिल्याला कोणी हळवे म्हणणार नाही. तरी त्याच्या हिशेबात न्याय ही जमेची बाजू आहे.

कुंपणावरचा

जुनी_शाई काका, दंडवत. ‘आधी’ आणि ‘फक्त’ भाच्याला पाठवलं.

दुसरी_बाजू

दृष्टान्त छान, पण दोन ठिकाणी गळतोय.

एक, तुमच्या पालनकर्त्यावर कोर्ट आहे. देशांच्या बाबतीत नाही, हे वामनरावांनी आधीच सांगितलंय. शेजाऱ्याची जमीन ढापणाऱ्या मंत्र्याला जाब कोण विचारणार? त्याचे मतदार? ते तर लाभार्थी.

दोन, आणि हे मला जास्त टोचतं. तुमचा पालनकर्ता शेजाऱ्याची जमीन ढापत नाही, नुसता गप्प बसतो. शेजारच्या घरातून किंकाळ्या येताहेत आणि याचं त्या घराच्या मालकाशी महत्त्वाचं काम अडकलंय. तेव्हा?

१९७१. ढाक्यातला अमेरिकेचा कॉन्सल जनरल आर्चर ब्लड वॉशिंग्टनला कळवत होता की इथे पाकिस्तानी लष्कराकडून निवडक कत्तली चालल्या आहेत. ६ एप्रिलला त्याच्या कार्यालयातून जी तार गेली तिच्यावर वीस अमेरिकी अधिकाऱ्यांच्या सह्या होत्या, आणि आपल्याच सरकारच्या धोरणाला त्यांनी नैतिक दिवाळखोरी म्हटलं होतं. ब्लडची बदली झाली. राष्ट्राध्यक्ष निक्सन आणि त्याचा सुरक्षा सल्लागार किसिंजर गप्प राहिले, कारण चीनशी बोलणी पाकिस्तानच्या मार्फत चालली होती. जुलैमध्ये किसिंजर इस्लामाबादेत पोट बिघडल्याचं सोंग करून गुपचूप बीजिंगला जाऊन आला. तोवर पूर्व बंगालातून भारतात आलेल्या निर्वासितांचा आकडा कोटीकडे निघाला होता.

यात अमेरिकेने कुणाची जमीन ढापली नाही. उलट मोठं राष्ट्रीय हित साधलं. तुमच्या कोर्टात निकाल काय?

रोखठोक_वामन

कोर्टाचं माहीत नाही, माझा निकाल सांगतो. चीन आणि अमेरिका बोलायला लागल्यामुळे शीतयुद्धाचं तोंडच फिरलं. अणुयुद्धाची शक्यता कमी होणं ही काही लहान गोष्ट नाही. तुम्हाला ढाक्यातले मृत दिसतात, कारण ते झाले. न झालेल्या युद्धातले मृत कुणालाच दिसत नाहीत. परराष्ट्र खात्यातल्या माणसाला दोन्ही मोजावे लागतात.

आणि भारताने काय केलं? ऑगस्टमध्ये सोव्हिएत रशियाशी करार केला, डिसेंबरपर्यंत थांबला, हिमालयातल्या खिंडी बर्फाने बंद होऊन चीनला उतरता येणार नाही तोपर्यंत, आणि मग तेरा दिवसांत युद्ध संपवलं. थंड डोक्याने हित बघितलं म्हणून जमलं. एप्रिलमध्ये किंकाळ्या ऐकून धावत सुटले असते तर फजिती झाली असती.

अर्धविराम

भारताबद्दल सहमत. पण तिथे हित आणि माणुसकी एका बाजूला होती. कोटीभर निर्वासितांचा बोजा होता, शेजारी दुभंगणार होता. अशा वेळी नीतिमान असणं स्वस्त पडतं.

किसिंजरच्या बाबतीत ‘न झालेलं युद्ध’ हा मुद्दा मी उडवून लावणार नाही. पण एक साधा प्रश्न विचारता येतो: ते हित साधायला तोच एक रस्ता होता का? चीनशी निरोपांची देवाणघेवाण रोमेनियामार्फतही चाललेली होती. आणि पाकिस्तानचा मार्ग जपायचा म्हणून पाकिस्तानला मिळणाऱ्या शस्त्रांबद्दल अवाक्षरही काढायचं नाही, हे तरी गरजेचं होतं का? ‘राष्ट्रहितासाठी करावं लागलं’ असं कुणी म्हणालं की मी आधी ‘लागलं’ या शब्दाकडे बघते. कित्येकदा ते ‘लागलं’ नसतं, ‘सोपं पडलं’ असतं.

दुसरी_बाजू

हे पटलं. मी चोरून वापरणार आहे.

हौशी_कावळा

एवढं सगळं बोलताय आणि १९४८ च्या ५५ कोटींचं कुणीच काढत नाही? शत्रूला युद्ध चालू असताना पैसे देणं ही नीती की आत्मघात??

जुनी_शाई

एकदाच उत्तर देतो. फाळणीच्या हिशेबातली ती रक्कम ठरली डिसेंबर १९४७ च्या दोन सरकारांमधील समझोत्यात. म्हणजे प्रश्न दानाचा नव्हता, देण्याचा होता. काश्मीरमधील लढाईमुळे ती रोखून धरावी असे मंत्रिमंडळाला वाटले, हा हिताचा विचार. दिलेला शब्द मोडल्यास नव्या राष्ट्राच्या सहीला किंमत राहणार नाही, हाही हिताचाच विचार, फक्त लांबचा. दोन्ही बाजूंना शहाणी माणसे होती, एवढे मान्य करून वाद घातला तर घालावा.

हौशी_कावळा

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

व्यवस्थापन

या विषयावर आधीच तीन धागे आहेत आणि तिन्ही कुलूपबंद आहेत. इथे पुढे नको. वरचे दोन प्रतिसाद संपादित केले आहेत.

मापटं

मी फार वाचलेली नाही, पण धान्याच्या निर्यातीची कागदपत्रं करण्यात बरीच वर्षं गेलीत, म्हणून एक डोळ्यांदेखत पाहिलेली गोष्ट सांगते.

२००७-०८. त्या वर्षी जगात तांदळाचं पीक बुडालेलं नव्हतं, हे आधी लक्षात घ्या. गहू महागला होता, तेल महागलं होतं, सगळीकडे धास्ती होती. ऑक्टोबर २००७ मध्ये भारताने बिगर-बासमती तांदळाच्या निर्यातीवर बंधनं आणली, एप्रिल २००८ मध्ये बंदीच घातली. कारण योग्यच होतं: आपल्या लोकांचं ताट आधी. मग व्हिएतनामने निर्यात आवळली. त्यांचंही कारण तेच. फिलिपिन्स तांदूळ आयात करणारा मोठा देश. तो घाबरून मिळेल त्या भावाला मागणी नोंदवू लागला. त्यांचंही कारण तेच! जगात जेवढा तांदूळ पिकतो त्यातला फार थोडा, शंभरातला सात-आठ हिस्सा, देशाबाहेर विकला जातो, त्यामुळे बाजार लगेच तापतो. थाई तांदूळ काही महिन्यांत तिपटीच्या आसपास गेला, टनाला हजार डॉलरला भिडला. आमच्याकडे रोज फोन यायचे, कुणीही कुठल्याही भावाला माल मागायचं. माल गोदामात होता आणि हलवता येत नव्हता.

फुगा फुटला कसा, ते ऐका. जागतिक व्यापार संघटनेच्या करारामुळे जपानला दरवर्षी परदेशी तांदूळ घ्यावा लागायचा, त्यात बराचसा अमेरिकेचा. घ्यायचा, पण आपल्या शेतकऱ्याला धक्का नको म्हणून स्वतःच्या बाजारात फारसा आणायचा नाही; गोदामात पडून राहायचा. तो बाहेर विकायला अमेरिकेची संमती लागत होती. २००८ च्या मे-जूनमध्ये बातमी आली की अमेरिका हरकत घेणार नाही, जपान साठा बाहेर काढू शकतो. बास. भाव उतरायला लागले. प्रत्यक्षात त्यातला तांदूळ फारसा हललाच नाही, नुसत्या बातमीने काम झालं.

या गोष्टीत खलनायक कोण? मला एकही सापडत नाही. प्रत्येकाने आपलं घर सांभाळलं आणि अख्ख्या आळीला आग लागली. वर सगळे नीती म्हणजे काहीतरी त्याग, उदारपणा असं धरून बोलताहेत. इथे उदार कुणालाच व्हायचं नव्हतं. ‘मी दार लावलं तर शेजारीही लावेल’ एवढा पुढचा विचार पुरला असता.

कुंपणावरचा

वा! धागा काढल्याचं सार्थक झालं.

रोखठोक_वामन

मापटंताई, उदाहरण एक नंबर, पण ते माझ्या बाजूचं आहे. तुम्ही सांगताय ते शहाणं हित. नीती कुठे आली त्यात?

मापटं

भाव तिप्पट झाला तेव्हा फटका पडला तो तांदूळ विकत घेऊन खाणाऱ्या परदेशातल्या गरिबांना. त्यांचं मत आमच्या निवडणुकीत मोजलं जात नाही. शहाण्या हितातसुद्धा ते कुणाच्याच वहीत लिहिले जात नाहीत, हो की नाही? ते कुणी लिहायचे, एवढंच विचारतेय.

रात्रपाळी

मी परिचारिका आहे. इथे लिहीत नाही सहसा, वाचते.

मार्च-एप्रिल २०२१ मध्ये भारताने कोरोनाच्या लशींची निर्यात जवळपास थांबवली. तोवर साडेसहा कोटींच्या आसपास मात्रा बाहेर गेल्या होत्या. दुसरी लाट आली तेव्हा आमच्या वॉर्डात आम्ही काय पाहिलं ते लिहीत नाही. तेव्हा मला कुणी विचारलं असतं तर मी म्हटलं असतं की एक कुपीसुद्धा बाहेर जाता कामा नये. आजही तेच म्हणेन.

पण गरीब देशांना लस पुरवणारी जी कोव्हॅक्स योजना होती, तिचा मोठा भार भारतातल्या उत्पादनावर होता. ती आटल्यावर तिकडच्या परिचारिका लशीविना कामावर जात राहिल्या. माझे दोन्ही डोस झालेले होते. मी चूक केली असं मला वाटत नाही, सरकारने चूक केली असंही नाही. तरी काहीतरी देणं लागतो असं वाटतं. याला काय म्हणायचं ते मला माहीत नाही.

त्याच वेळी काही श्रीमंत देशांनी आपल्या लोकसंख्येला कित्येक वेळा पुरतील एवढ्या मात्रांचे करार करून ठेवले होते. त्यांचं आणि आमचं ‘आधी आपले’ एकाच मापाने मोजू नका एवढंच सांगायचं होतं. एकाला पुरत नव्हतं म्हणून हात आखडला, दुसऱ्याला पुरून उरत होतं तरी.

जुनी_शाई

ताई, याला आमच्याकडे ‘देणे शिल्लक’ म्हणतात. नाइलाजाने फेडता आले नाही म्हणून ते माफ होत नाही, पुढच्या खात्यावर ओढले जाते. वर्ष सरताना निर्यात पुन्हा सुरू झाली ती मी याच अर्थाने पाहतो. ज्यांनी दुसऱ्या अर्थाने पाहिली त्यांचाही इलाज नाही.

तुमचा शेवटचा परिच्छेद मात्र माझ्या अज्ञान मुलाच्या पालनकर्त्यापेक्षा सरस आहे. मुलाच्या तोंडचा घास आणि मुलाच्या कोठारातील विसावे पोते, यांत फरक करायला माझा दृष्टान्त शिकवत नव्हता.

टिंबटिंब

या प्रतिसादांवर विनोद करवत नाही. पुढे चालू द्या.

हौशी_कावळा

शिस्तीत विचारतो. २०२२ नंतरच्या रशियन तेलाचं काय? युक्रेन युद्धाआधी आपल्या तेल आयातीत रशियाचा वाटा दोन टक्क्यांच्या आसपास होता, वर्षभरात तिसऱ्या हिश्शाच्या पुढे गेला. हे ‘आधी’ की ‘फक्त’?

दुसरी_बाजू

चांगला प्रश्न. माझं उत्तर डळमळीत आहे. गरीब देशाने स्वस्त इंधन घेणं मला समजतं. युरोप स्वतः रशियन गॅस घेत असताना आपल्याला उपदेश करत होता, हेही खरं. पण ‘ते करतात ना’ हा बचाव आपण लहान मुलांकडूनही ऐकून घेत नाही. मला खटकतं ते हे की स्वस्तातल्या तेलाचा फायदा नेमका कुणाच्या पदरात पडला, हे कुणी विचारत नाही. पंपावरच्या माणसाला? सरकारी तिजोरीला? की शुद्धीकरण करून बाहेर विकणाऱ्या कंपन्यांना? राष्ट्रहित म्हणताना राष्ट्र म्हणजे कोण, हे आधी ठरवा. चीनच्या कँटन बंदरात ज्यांच्या अफूच्या पेट्या जप्त झाल्या तेही राष्ट्र नव्हते, व्यापारी होते.

रोखठोक_वामन

हे मान्य करतो. ‘हित कुणाचं’ हा प्रश्न खऱ्या वास्तववाद्याने सर्वांत आधी विचारायला हवा. आमच्यातले बरेच जण विसरतात.

पण माझा मूळ मुद्दा तसाच आहे. मला एक तरी उदाहरण द्या, जिथे एखाद्या देशाने काहीही मिळणार नसताना, धोका पत्करून, परक्या लोकांसाठी काही केलं. व्हिएतनामचं कंबोडिया सांगू नका. १९७९ च्या जानेवारीत त्यांनी तिथल्या हुकूमशहा पोल पॉटला हाकललं ते सीमेवरच्या हल्ल्यांना कंटाळून.

अर्धविराम

व्हिएतनामचं मी वेगळ्याच कारणाने सांगणार होते. लाखोंची कत्तल करणारी राजवट गेल्यावरही संयुक्त राष्ट्रांतली कंबोडियाची खुर्ची पोल पॉटच्याच लोकांकडे ठेवली गेली. चीन, अमेरिका, आग्नेय आशियातले शेजारी, सगळ्यांनी मिळून ठेवली, कारण व्हिएतनामच्या पाठीशी रशिया होता. हिताची भाषा वर्षानुवर्षं अशी चालली की खुनी कोण हेच बाजूला पडलं.

तुम्ही मागितलेलं उदाहरण देते.

रवांडा, १९९४. एप्रिलमध्ये कत्तल सुरू झाली. तिथे संयुक्त राष्ट्रांचे अडीच हजारांच्या आसपास शांतिसैनिक होते. दहा बेल्जियन सैनिक मारले गेले तसं बेल्जियमने आपलं पथक काढून घेतलं. बहुतेक बड्या देशांचं तिथे काही अडकलेलं नव्हतं, ना तेल, ना तळ. २१ एप्रिलला सुरक्षा परिषदेने ठराव क्र. ९१२ करून ते दल २७० माणसांवर आणायचं ठरवलं. शंभर दिवसांत सुमारे आठ लाख माणसं मारली गेली. ‘आपलं हित नाही’ या वाक्याचा अर्थ बघायचा असेल तर तो असा दिसतो.

पण ठरावात २७० असले तरी प्रत्यक्षात साडेचारशेच्या आसपास सैनिक राहिले. त्यांतले बहुतेक घानाचे. दलाचा प्रमुख डॅलेअर कॅनडाचा होता, त्याचा दुय्यम हेन्री अनिडोहो घानाचा. आम्ही जात नाही, असं या दोघांनी ठरवलं. अनिडोहोने आपल्या सरकारला विचारायच्या आधीच शब्द देऊन टाकला, आणि घानाने त्याला परत बोलावलं नाही. धड वाहनं नाहीत, औषधं नाहीत, दारूगोळा नाही. स्टेडियममध्ये, हॉटेलात, इस्पितळात आसऱ्याला आलेल्या हजारो लोकांभोवती ते उभे राहिले. काही सैनिक तिथेच मेले.

रवांडा आणि घाना यांच्यात अर्ध्या खंडाचं अंतर आहे. सांगा, घानाचं हित काय होतं?

टिंबटिंब

वामनराव?

टिंबटिंब

वामनराव, दोन दिवस झाले.

रोखठोक_वामन

आहे इथेच. शांतिसेनेत सैनिक पाठवणाऱ्या देशांना संयुक्त राष्ट्रं माणशी पैसे देतात, हे लिहायला बसलो होतो. लिहून खोडलं. त्या पैशासाठी कुणी तिथे थांबत नाही हे मलाही कळतं. पश्चिम आफ्रिकेत प्रतिष्ठा, लष्कराचं नाव, हेही लिहून पाहिलं. तेही जमेना.

शोधतोय. सापडलं तर याच धाग्यावर लिहीन.